हार्ड डिस्कची समान वाटणी

आमच्या दिल्लीतल्या मराठी मंडळाची स्मरणिका निघते आहे आणि तीत मंडळाच्या बालनाट्यांवर मी लिहावं असं ठरलं आहे. ही नाटकं वीस वर्षं माझ्या बायकोनं लिहिली आणि बसवली, म्हणून लेख माझ्याकडे. संपादक माझ्यापेक्षा पस्तीस वर्षांनी लहान, गुडगावच्या एका कंपनीत नोकरीला. फोनवर म्हणाले, “काका, ते कॉम्प्युटरचं पण टाका ना, काकूंकडून सगळं उडालं ते. थोडा इमोशनल टच येईल.”

टाकतो. मात्र काकूंकडून काहीही उडालेलं नाही. उडवलं मी. या गोष्टीला आठ वर्षं झाली, आणि आठ वर्षं माझी बायको हे आपल्याच हातून झालं असं धरून चालली आहे. तिनं तसं धरावं याची व्यवस्थाही मीच केली होती. तेव्हा स्मरणिकेला भावनेचा स्पर्श होईल की नाही ते संपादकांनी बघावं. मला नोंद दुरुस्त करायची आहे.

आधी माझ्या नोकरीबद्दल थोडं, कारण ही चूक दुसऱ्या कुणाला जमली नसती. मी केंद्र सरकारच्या नोकरीत होतो आणि त्यातली बरीच वर्षं सरकारी क्वार्टरं वाटण्याच्या टेबलावर काढली. कुणाला आर. के. पुरम मिळणार, कुणाला तळमजला, कुणाला पाण्याच्या टाकीखालचं घर, हे ज्या कागदावर ठरायचं तो कागद माझ्यासमोरून जायचा. त्या टेबलावर मी शिकलो की वाटणी नेहमी समान करावी, म्हणजे तक्रार येत नाही. आणि तक्रार आलीच तर टिपणी अशी लिहावी की घटना घडलेली असते पण घडवणारा कुणी नसतो. ‘छत गळत असल्याचे आढळून आले.’ ‘फाइल उपलब्ध होऊ शकली नाही.’ यातलं माझं सर्वांत आवडतं वाक्य होतं ‘शक्यता नाकारता येत नाही’. या वाक्यावर मी निवृत्तीपर्यंत निष्कलंक पोहोचलो.

निवृत्तीनंतर क्वार्टर सोडून आम्ही दिल्लीतल्याच द्वारका भागातल्या एका सोसायटीत राहायला आलो. मुलीनं आम्हाला कॉम्प्युटर घेऊन दिला. मशीन एक आणि वापरणारी माणसं दोन, म्हणजे वाटप आलंच. हार्ड डिस्क हे कॉम्प्युटरचं कोठार. त्यात भिंती घालून वेगळ्या खोल्या पाडता येतात आणि त्या खोल्यांना पार्टिशन म्हणतात, हे कळल्यावर मला जो आनंद झाला तो निवृत्तीनंतर पहिलाच. एक लहान खोली विंडोजला दिली. उरलेल्या जागेचे दोन भाग केले, शेवटच्या आकड्यापर्यंत सारखे.

बायको म्हणाली, “अहो, मला कशाला एवढी जागा? माझ्या चार वह्या मावल्या की झालं.”

“तुझा हक्क आहे तो,” मी म्हणालो.

शिवाय दाक्षिण्य म्हणून पहिला भाग तिला दिला आणि दुसरा स्वतःला घेतला. पहिल्याला नाव दिलं ‘सौ.’ आणि दुसऱ्याला ‘श्री.’. हे औदार्य मी मुलीला फोन करून सांगितलं, पार्कातल्या मित्रांनाही सांगितलं, आणि मग साफ विसरून गेलो.

आता त्या वह्या. दिल्लीत वाढणाऱ्या आमच्या पोरांचं मराठी कसं असतं हे मंडळाच्या वाचकांना सांगायला नको. ‘आंटी, मी नहाऊन आलो’ म्हणणारी ही मुलं. बायको आधी मुलं बघायची आणि मग त्यांच्या बेतानं नाटक लिहायची. एका मुलाला ‘ळ’ म्हणता यायचा नाही, तर त्याच्या राजाच्या तोंडी पूर्ण नाटकभर एकही ‘ळ’ येऊ दिला नाही. एक मुलगी रंगमंचावर गेली की सगळं विसरायची. तिला दवंडीवाली केलं आणि हातात वाचायला कागद दिला. सर्वांत स्वच्छ मराठी कोल्हापूरकडच्या एका मुसलमान कुटुंबातल्या मुलीचं, ती कायमची सूत्रधार. एका संक्रांतीला मंडळाची बस पानिपतला काला अंबच्या स्मारकाला जायची होती, म्हणून बायकोनं त्या लढाईवर छोटं नाटक लिहिलं. तालमीत एका मुलानं विचारलं, “आंटी, आपण हरणार हे सगळ्यांना आधीच पता आहे, तर मग करायचं कशाला?” तिनं उत्तर द्यायच्या ऐवजी तो प्रश्न नाटकात घातला आणि त्या मुलाला एका सैनिकाचं काम दिलं, जो सेनापतीला हाच प्रश्न विचारतो.

अशी अकरा नाटकं. नोकरी, स्वयंपाक, मुलीचा अभ्यास सांभाळून वह्यांमध्ये लिहिलेली. निवृत्तीनंतर दोन वर्षं रोज दुपारी बसून, एका बोटानं अक्षरं शोधत तिनं ती कॉम्प्युटरवर उतरवली. काम पूर्ण झालं त्या आठवड्यात मी वह्या रद्दीत घातल्या. कचेरीचा नियमच होता, नोंदी संगणकावर चढल्या की मूळ कागदांची छाटणी करावी. ती माहेरी गेली होती. परत आल्यावर तिनं रिकाम्या कपाटाकडे बघितलं आणि एवढंच म्हणाली, “विचारायचं तरी होतं.” मी तिला छाटणीचे फायदे सांगितले.

मग लिनक्स आलं. सोसायटीच्या पार्कात सकाळी आमचा निवृत्तांचा घोळका जमतो. त्यात एक बंगाली इंजिनियर आहेत, सगळे त्यांना दादा म्हणतात. दादांना लिनक्सचं वेड. फुकट मिळणारी, स्वतंत्र अशी, विंडोजसारखीच कॉम्प्युटर चालवणारी ही दुसरी कार्यप्रणाली प्रत्येकानं आपल्या मशीनवर चढवावी असा त्यांचा आग्रह. मला म्हणाले, “साहब, विंडोज में आप किराएदार हैं. लिनक्स में मकान-मालिक.”

आयुष्यभर भाडेकरूंच्या फाइली हाताळलेल्या माणसाला हे वाक्य लागायचंच. पण विंडोज सोडायचीही तयारी नव्हती. पेन्शनची कामं त्यात, बायकोचा मराठी फॉन्ट त्यात.

“तो दोनों रखिए न, साथ-साथ,” दादा म्हणाले. “चालू करते ही पूछेगा, किसमें जाना है.”

नवी योजना लागू करायची आणि जुनीही चालू ठेवायची. सरकारात राहिलेल्या माणसाला याहून ओळखीचं काय असणार? मी होकार दिला.

मुलगी आयटीत आहे. तिनं फोनवर सांगितलं, “बाबा, करताय तर करा, पण आधी सगळ्याचा बॅकअप घ्या. आईचं पण घ्या हां.”

“बिल्कुल,” मी म्हणालो.

बॅकअप मी घेतला तो फक्त माझा. माझा विचार असा होता की लिनक्स माझ्या हिश्शात जाणार. म्हणून ‘श्री.’मधलं सगळं, म्हणजे निरोपसमारंभाचे फोटो, पेन्शनचे कागद, सोसायटीला लिहिलेली तक्रारपत्रं, पेन ड्राइव्हवर घेतलं आणि ‘श्री.’ रिकामा केला. ‘सौ.’ला हातच लावायचा नव्हता. ज्या घराला हात लावायचा नाही त्यातलं सामान कोण हलवतं?

गणपतीला महिना राहिला होता. बायको दुपारीच तालमीसाठी मुलं निवडायला मंडळात गेली. त्या वर्षी पानिपतचं नाटक पुन्हा करायचं होतं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याची छापील प्रत हवी होती. ती गेल्यावर मी दादांनी दिलेला पेन ड्राइव्ह लावला आणि इन्स्टॉलेशन सुरू केलं. नवी प्रणाली कुठे ठेवायची, असा प्रश्न आला आणि खाली डिस्कच्या खोल्यांची यादी.

यादीत ‘सौ.’ नव्हती आणि ‘श्री.’ही नव्हते. लिनक्सच्या त्या यादीत घरांना नावं नव्हती, नुसते क्रमांक होते. आमच्या दोघांच्या खोल्या पाच आणि सहा. दोन्हींचा आकार एकच, कारण मी तो तसाच करून ठेवला होता. किती जागा भरली आहे हेही समोर लिहिलेलं होतं, पण दोन्हींसमोर जवळपास काहीच नव्हतं. माझी खोली मी रिकामी केली होती. तिच्या खोलीत नुसती अक्षरं होती. वीस वर्षांची अकरा नाटकं मिळून माझ्या निरोपसमारंभाच्या एका फोटोइतकीही जागा घेत नव्हती. मी थोडी कमीजास्त वाटणी केली असती, तिला तिनं मागितली तेवढीच छोटी खोली दिली असती, तर आंधळ्यालाही कळलं असतं कोणती कुणाची.

दादांना फोन करता आला असता. विंडोजमध्ये परत जाऊन बघता आलं असतं. मी विचार केला की पहिली खोली माझी. रेशनकार्डावर पहिलं नाव कुटुंबप्रमुखाचं, क्वार्टरच्या अर्जावर पहिलं नाव कुटुंबप्रमुखाचं, मतदार यादीतही तेच. मी पाच नंबर निवडला. ‘फॉरमॅट’समोर, म्हणजे खोली साफ पुसून काढण्यासमोर, खूण केली. मग एक इशारा आला, बराच लांब. नोकरीभर मी पेन्सिलीची फुली असेल तिथे सही करत आलो. वरचा मजकूर वाचायची सवय नव्हती. ‘पुढे’ दाबलं.

अर्ध्या-पाऊण तासात काम झालं. मशीन पुन्हा चालू केल्यावर खरंच विचारलं गेलं, कशात जायचं. मी दादांना फोन करून ही बातमी दिली. ते म्हणाले, “वेलकम, मकान-मालिक.” मग मी विंडोज उघडलं, आणि तिथे ‘श्री.’ होते, रिकामे, ठणठणीत. ‘सौ.’ नव्हती.

त्या क्षणी मशीन बंद करून एखाद्या जाणकाराकडे नेलं असतं तर काहीतरी हाती लागण्याची आशा होती, हे मला नंतर कळलं. पण जाणकाराकडे न्यायचं तर काय झालं ते सांगावं लागलं असतं, आणि आधी घरी. मी दुसरा मार्ग धरला. लिनक्स त्या खोलीतून काढलं, खोली पुन्हा धुऊन-पुसून घेतली, दारावर ‘सौ.’ अशी पाटी लावली आणि ताबा परत दिला. मग लिनक्स माझ्या खोलीत नव्यानं घालायला घेतलं. एवढं करेपर्यंत संध्याकाळ झाली.

बायको परत आली तेव्हा मी दारात सोसायटीच्या गार्डशी बोलत होतो. कॉम्प्युटरचा पडदा तेवढ्यात स्वतःहून काळा झाला होता. ती घरात शिरली, चपला काढल्या आणि रोजच्या सवयीनं भिंतीवरचा कॉम्प्युटरचा स्विच बंद केला. मशीन वापरात नसलं की तो बंद करायचा, हा नियम माझाच.

“अगं, काम चालू होतं त्यात,” मी आत येऊन म्हणालो.

“मला काय माहीत. पडदा तर काळा होता.” मग जरा घाबरून, “काही बिघडलं का?”

“बघू,” मी म्हणालो.

बिघडलं होतं ते माझं दुसऱ्या वेळचं लिनक्स, दुसरं काही नाही. सकाळी आंघोळ करून ती नाटक छापायला बसली. मग तिनं हाक मारली. “अहो, माझ्यात काहीच दिसत नाहीये.”

मी तिच्या मागे जाऊन उभा राहिलो. ती पडद्याकडेच बघत होती. म्हणाली, “काल मी स्विच बंद केला, त्यानं तर नसेल ना झालं?”

मी हे वाक्य सुचवलं नव्हतं. तिनं ते आपणहून माझ्यासमोर मांडलं, जसे कनिष्ठ लोक मसुदा तयार करून आणतात. मला फक्त सही करायची होती.

“शक्यता नाकारता येत नाही,” मी म्हणालो.

ती रडली नाही. म्हणाली, “वह्या असत्या तर.” आणि मग लगेच, “तुमची काय चूक, तुम्ही तर माझी सोयच बघत होतात.”

त्या गणपतीत मुलांनी सिनेमातल्या गाण्यांवर नाच केला. त्यापुढच्या वर्षीही नाचच झाला आणि आता तीच प्रथा आहे. बायकोनं पुन्हा एक ओळ लिहिली नाही. मंडळात ती ज्याला त्याला सांगायची, “माझ्याच हातून गेलं हो.” बायका माझ्याकडे वळून म्हणायच्या, “पण भाऊजी किती शांत, एक शब्द बोलले नाहीत वहिनींना.” खरंच बोललो नव्हतो. मुलगी मात्र बोलली. “आई, चालू मशीनचा स्विच कुणी बंद करतं का? तू आता या गोष्टींच्या नादी लागू नकोस, प्लीज.” तेव्हाही मी शेजारी उभा होतो.

याहून वाईट पुढे आहे. दोन वर्षांनी मंडळानं ज्येष्ठांसाठी कॉम्प्युटरवर व्याख्यान ठेवलं आणि वक्ता म्हणून मला बोलावलं. विषय बॅकअपचं महत्त्व. मी चाळीस मिनिटं बोललो. घरातलं उदाहरण दिलं, नाव न घेता, ‘आमच्या अगदी जवळच्या एका व्यक्तीच्या बाबतीत’ असं म्हणून. सभागृहात हसू पिकलं, कारण ती व्यक्ती पहिल्या रांगेत बसली होती. तीही हसली. मला शाल मिळाली.

इथपर्यंत लिहून मी कागद तिच्याकडे दिले. माझं कुठलंही मराठी तिच्या नजरेखालून गेल्याशिवाय बाहेर जात नाही, आणि हे तर तिच्याबद्दलच. मी स्वयंपाकघरात जाऊन उगीच चहा करत बसलो. ती दोन वेळा वाचत असावी, कारण वेळ फार लागला.

बाहेर आलो तेव्हा तिच्या हातात मंडळाची जुनी टेलिफोन डिरेक्टरी होती.

“छापून कधी येणार हे?” तिनं विचारलं.

“दोन महिने तरी.”

“तोवर मी नाही थांबणार. मी ज्यांना ज्यांना सांगितलं होतं ना, त्यांना तुम्ही सांगायचं. आत्ता. स्पीकरवर.”

पहिला फोन मंडळाच्या माजी सचिवांना. ते आता नोएडाला मुलाकडे असतात आणि त्यांना कमी ऐकू येतं.

“आठ वर्षांपूर्वीचं एक सांगायचं होतं,” मी म्हणालो. “ती नाटकं उडाली ना कॉम्प्युटरमधून...”

“हो, हो. वहिनींनी उडवली. बिचारी.”

“वहिनींनी नाही. मी.”

“अरे, जाऊ दे आता. बायकांना त्यातलं काय कळतं.”

बायको म्हणाली, “मोठ्यानं सांगा.”

मी ओरडून सांगितलं. समोरच्या बाल्कनीत कपडे वाळत घालणारी बाई थांबून बघू लागली. मग सचिवांनी विचारलं, “आणि ते बॅकअपवरचं भाषण कुणी दिलं होतं?”

“मीच.”

“कमाल आहे,” असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

दुसरा फोन नाच बसवणाऱ्या बाईंना. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि आवाज हळू करून म्हणाल्या, “भाऊजी, खरं सांगा. वहिनी अजून मनाला लावून घेतात, म्हणून तुम्ही स्वतःवर घेताय ना? असा नवरा मिळायला नशीब लागतं.”

मी हो-नाही म्हणेपर्यंत त्यांनी विषय बदलला. तिसऱ्या फोनवरही जवळजवळ हेच. मी जितकं खरं सांगत होतो तितका लोकांच्या नजरेत थोर होत होतो.

बायकोनं डिरेक्टरी मिटली. “किती पक्कं काम करून ठेवलंय तुम्ही,” ती म्हणाली. “तुम्ही स्वतः मोडायला गेलात तरी मोडत नाहीये.” मग म्हणाली, “हे लोक राहू देत, ते छापील वाचतील. आता तिला लावा.”

मुलीला लावला. तिनं कट केला आणि संदेश पाठवला, मीटिंगमध्ये आहे, अर्ध्या तासात करते.

“उद्या तिला सुट्टी आहे,” मी म्हणालो. “उद्या निवांत...”

“ती अर्धा तास म्हणालीय.”

बायको माझ्यासमोरच खुर्ची घेऊन बसली. मी माफी मागायला तोंड उघडलं तर तिनं हात वर केला. “मला नका सांगू काही. मी वाचलंय. मला काय वाटलं ते मी नंतर सांगेन, सवडीनं, आणि ते तुम्हाला आवडणार नाही.” मग म्हणाली, “तुम्हाला माहीत आहे, त्या दिवसापासून ती मला काही विचारत नाही. बँकेचं असो, औषधाचं असो, तिच्या पोराच्या शाळेचं असो. मी फोन घेतला की म्हणते, आई, बाबांना दे. आठ वर्षं मी तुम्हाला फोन देतेय.”

आम्ही दोघं टेबलावरच्या फोनकडे बघत राहिलो. अर्ध्या तासाचा पाऊण तास झाला, तरी ती उठली नाही.

फोन वाजला तेव्हा तिनं तो उचलला.

“आई? बाबांनी केला होता ना फोन? त्यांना दे.”

“देते,” ती म्हणाली. “आधी तू कुठे तरी नीट बस. मग त्यांचं ऐक. आणि त्यांचं झालं की फोन ठेवू नकोस, परत माझ्याकडे यायचंय तुला.”

तिनं फोन माझ्याकडे दिला.